पासिंगला दरवेळी मागचा डावा ब्रेक कमी? एक्सलचा ब्रीदर आधी बघा

जुनी डिझेल एसयूव्ही पासिंगच्या तोंडावर दरवेळी त्याच एका चाकाच्या ब्रेकवर अडते, लायनर बदलले की पास होते आणि तीन-चार महिन्यांत पुन्हा तिथंच येते, अशी गाडी ज्यांच्या दारात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडे हा प्रकार आठ महिने चालला. चार वेळा ड्रम उघडले. शेवटी कारण सापडलं ते मागच्या एक्सलच्या हाऊसिंगवर बसलेलं, अंगठ्याएवढं, चिखलानं बुजलेलं एक टोपण, म्हणजेच ब्रीदर.

गाडी २००९ ची. सात सीटर, चासीवर बांधलेली, पुढं डिस्क आणि मागं ड्रम ब्रेक. २०२२ च्या उन्हाळ्यात मी ती दुसऱ्या मालकाकडून घेतली. ते शेतकरी. गाडी रोज उसाच्या पाणंदीतनं जायची, खताची पोती वाहायची. माझ्याकडे आल्यावर तिचं काम बदललं. सासुरवाडी कणकवलीला असल्यामुळं महिन्या-दीड महिन्यातनं एकदा राधानगरी, दाजीपूर करत फोंडाघाट उतरायचा, एवढंच. इंजिन दमदार होतं, गिअर मऊ पडत होते. २०२४ च्या जूनमध्ये नोंदणीला १५ वर्षं पुरी होत होती, म्हणून मार्चमध्येच एका गॅरेजला पासिंगपूर्वीची तपासणी करून घेतली.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते हे बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतर गाडी दाखवून आरसी पाच वर्षांसाठी पुढं नेता येते. अर्ज फॉर्म २५ वर, आणि मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर वेळेत उरकून ठेवा, कारण कागद अडला तर चांगली गाडीही परत येते. कागदांचं एवढंच. मला गाडीबद्दल बोलायचंय.

मार्चच्या तपासणीत गॅरेजवाल्यानं गाडी रोलरवर, म्हणजे प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली. पुढची दोन्ही चाकं व्यवस्थित. मागं उजव्या चाकाचा ब्रेक १७० किलो, डाव्याचा ९५. मोठ्या आकड्यातून लहान वजा करून मोठ्यानं भागलं की फरक निघतो ४४ टक्के. हँडब्रेक ओढला तर तो जवळजवळ एकट्या उजव्या चाकालाच धरत होता. ड्रम काढला, लायनर तेलकट निघाले. मिस्त्रीनं ते पेट्रोलनं धुतले, पॉलिश पेपर मारला, हँडब्रेकची केबल ताणली. दुसऱ्या दिवशी रोलरवर आकडे जवळजवळ सारखे आले आणि मी निर्धास्त झालो.

मे महिन्यात अर्ज करायच्या आधी पुन्हा बघितलं. डावा ब्रेक कमी.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पैसे पहिल्यांदा इथंच वाया जातात. ब्रेक लायनर सच्छिद्र असतो. तेल त्याच्या पोटात मुरतं. पेट्रोलनं वरचा थर निघतो, लायनर कोरडा दिसतो, रोलरवर आकडाही बरा येतो. पण घाटात ड्रम तापला की मुरलेलं तेल परत वर येतं. काही ठिकाणी लायनर बर्नरवर भाजून देतात, त्याचाही उपयोग नाही. तेल पडलेला लायनर टाकायचा, आणि बदलताना दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना बसवला, तर जो फरक घालवायला निघालो तोच आपल्या हातानं परत घालून ठेवतो.

दुसऱ्या वेळेला म्हणून नवे लायनर घातले, ड्रम कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टर्न करून आणले, डाव्या बाजूचं एक्सलचं ऑइल सील, म्हणजे एक्सलमधलं तेल ड्रमकडं येऊ न देणारी रबरी कडी, नवं टाकलं. जूनमध्ये गाडी पासिंगला नेली. इन्स्पेक्टरनी स्वतः चालवली, ब्रेक मारून बघितला, चढावर हँडब्रेक ओढून थांबवली. पास. आरसी २०२९ पर्यंत वाढली.

सप्टेंबरात, गणपती झाल्यावर, आम्ही कणकवलीहून परत येत होतो. फोंडाघाटात पाऊस आणि धुकं. दाजीपूर ओलांडून राधानगरीकडं उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की गाडीची मागची बाजू किंचित सरकल्यासारखी वाटायची आणि स्टिअरिंग उजवीकडं, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला, हलकंसं ओढायचं. मागं दोन मुलं झोपलेली. तिथून कोल्हापूरपर्यंत मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच आलो. खिशात पाच वर्षांचा कागद होता आणि ब्रेक तीन महिन्यांत गेला होता. तपासणी खोटी नव्हती. त्या दिवशी ब्रेक खरोखर चांगलाच होता. पण तपासणीला फक्त तो दिवस दिसतो. सीलच्या मागं काय शिजतंय हे तिथं कुणालाच दिसत नाही, आणि मीही तोवर ते विचारलं नव्हतं.

तिसऱ्यांदा सील आणि बेअरिंग दोन्ही बदललं. बेअरिंगमध्ये थोडा ढिलेपणा होताच, त्यामुळं मला वाटलं की आता मूळ सापडलं. नोव्हेंबरमध्ये चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर, पुन्हा तेलाचे ओघळ.

चौथ्यांदा मी गाडी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाकाला हात लावायच्या आधी गाडी वीसेक किलोमीटर पळवून आणायला सांगितली. आल्यावर खाली शिरले आणि डिफरन्शिअलचा, म्हणजे एक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या गोळ्याचा, तेल भरायचा प्लग हळूहळू सैल केला. फुस्सकन हवा सुटली. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "पावणं, सील बिचारं काय करणार? आतनं हवा मारत्या की त्याला."

त्या एका वाक्यात आठ महिन्यांचं उत्तर होतं. आता ते उलगडून सांगतो.

मागच्या एक्सलचं हाऊसिंग म्हणजे एक बंद नळकांडं. मधे डिफरन्शिअल, दोन्ही टोकांना चाकं, आत गिअर ऑइल. गाडी पळाली की तेल तापतं आणि आतली हवा फुगते. त्या हवेला बाहेर पडायला हाऊसिंगच्या वरच्या अंगाला एक छोटा ब्रीदर दिलेला असतो. काही गाड्यांत तो नुसता टोपणासारखा असतो, काहींत त्याला रबरी पाइप जोडून वर नेलेला असतो. ब्रीदर बुजला की फुगलेल्या हवेला दुसरी वाट उरते ती सीलच्या ओठातनं, आणि जाताना ती तेल बरोबर घेऊन जाते. ब्रेक ड्रम त्याच्या लगेच पुढंच असतो. तुम्ही कितीही चांगलं सील टाका, दाब तसाच असला तर तेही काही महिन्यांत हार मानतं.

उलटी बाजू जास्त वाईट आहे आणि आपल्या भागात ती दर पावसाळ्यात घडते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडं चढायला लागली की आजूबाजूच्या रस्त्यांवर पाणी यायला लागतं. आपण तापलेली गाडी त्या गार पाण्यात घालतो. हाऊसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि ओढ निर्माण होते. ब्रीदर मोकळा असेल तर वरून हवा आत येते. बुजलेला असेल तर सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. माझ्या गाडीतलं तेल मिस्त्रींनी खाली काढलं तेव्हा ते दुधाळ, कॉफीसारखं निघालं. ते पाणी पाणंदीतलं की पुराचं, कुणास ठाऊक, पण आधीच्या तीन दुरुस्त्यांत डिफरन्शिअलचं तेल काढून कुणी बघितलंच नव्हतं. सगळे फक्त कमी पडलेलं वरून भरत होते. त्यात एकानं प्रमाणापेक्षा जास्त भरून ठेवलं होतं, तेही गळतीला हातभार लावतं. तेलाची पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, आणि गाडी सपाट जागेवर असताना. त्यावर एक थेंब नको.

मला सगळ्यात जास्त कोडं पडलं होतं ते दरवेळी डावंच चाक का याचं. उत्तर आमच्या गल्लीत होतं. आमच्या दारासमोर रस्ता गटारीकडं उतरता आहे आणि मी गाडी रोज डावी चाकं गटारीकडं करून लावतो. शिवाय आपण रस्त्याच्या डाव्या अंगानं चालवतो आणि रस्ता मधे उंच, कडेला उतरता असतो. म्हणजे चालताना आणि उभी असताना, दोन्ही वेळा तेल डाव्या टोकाला जमतं. दाब दोन्ही सीलवर सारखाच असतो, पण डावं सील तेलात बुडालेलं असतं. उजवा ड्रम उघडला तर तिथंही सीलच्या कडेला ओल दिसायला लागली होती. तुमची गाडी दुसऱ्या बाजूनं कलती राहत असेल तर तुमचं उजवं चाक आधी बोलेल.

तुमच्या गाडीत हेच आहे की दुसरं काही, हे घरच्या घरी बऱ्यापैकी कळतं. सपाट जागा हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून एक्सलखाली घोड्या (लोखंडी स्टँड) द्या, नुसत्या जॅकवर कधीही काम करू नका. गिअर न्यूट्रल. एकजण आत बसून हँडब्रेक एकेक दाता ओढेल, दुसऱ्यानं दोन्ही चाकं हातानं फिरवून बघायची. दोन्ही चाकं साधारण एकाच दात्यावर जड व्हायला हवीत. एक जाम झालं आणि दुसरं अजून फिरतंय, तर फरक आहे हे नक्की. मग तसाच प्रयोग पायाच्या ब्रेकनं करा. पायाचा ब्रेक दोन्हीकडं सारखा आणि हँडब्रेकच वेगळा असेल, तर तेलाचा विषय बहुधा नाही, केबल गंजलीय किंवा एका बाजूला ताणलीय. दोन्ही चाकांचा ब्रेक सारखाच कमी असेल तर वजनाप्रमाणं मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा जो व्हॉल्व्ह एक्सलजवळ असतो, तो अडकलाय का बघा. जुन्या गाड्यांत त्याची दांडी गंजून बसलेली सापडते. आणि ब्रेक सोडल्यावरही एक चाक काही क्षण धरूनच राहत असेल, तर त्या बाजूचा रबरी होज आतून सुजल्याची शक्यता मोठी.

ड्रम काढल्यावर ओलं दिसलं तर ते काय आहे हे ओळखल्याशिवाय एकही पार्ट आणू नका. ड्रममध्ये दोनच गोष्टी गळू शकतात, व्हील सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल आणि एक्सलमधलं गिअर ऑइल. गिअर ऑइल जाड, काळपट, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास. ब्रेक ऑइल पातळ, आणि रंगावर पडलं तर रंग सोडवतं. तरी शंका राहिली तर वाटीभर पाण्यात थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याची पातळी उतरत असेल तर सिलिंडर, ती जागच्या जागी असेल तर सील. माझी पातळी आठ महिन्यांत हलली नव्हती, आणि तरी दुसऱ्या दुरुस्तीत मी दोन नवे व्हील सिलिंडर बसवून घेतले होते.

ड्रममधली काळी धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसा.

आता ब्रीदर. तो हाऊसिंगच्या वर, बहुतेक गाड्यांत मध्यापासून थोडा एका बाजूला असतो, आणि चिखलाच्या थराखाली असल्यानं दिसतच नाही. आधी गाडी खालून धुवा. टोपणाचा ब्रीदर असेल तर टोपण बोटानं फिरायला आणि थोडं वरखाली हलायला हवं. माझं दगडासारखं घट्ट होतं. खोलून डिझेलमध्ये भिजवला, हवा मारली, आत उसाच्या शेतातली काळी माती आणि गंज यांचा गोळाच बसला होता. साफ करून परत लावला तरी चालतो, पण नवा इतका स्वस्त मिळतो की मी बदलूनच टाकला. मिस्त्रींनी आणखी एक केलं. टोपणाऐवजी नळी बसवून तिला तेल सोसणारा रबरी पाइप जोडला, तो चासीच्या वर, डिझेल टाकीच्या तोंडाजवळ नेला आणि त्याचं टोक खाली वळवून बांधलं. एक्सलच्या हालचालीला पुरेल इतका ढिला ठेवला. पाण्यातनं जाणाऱ्या गाडीला हे करूनच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याबरोबर दोन्ही सील नवी टाकली. इथं एक बारीक गोष्ट, जी आधीच्या कुणी बघितली नव्हती. दीड लाख किलोमीटर सीलचा ओठ एकाच जागी घासून एक्सल शाफ्टवर चर पडला होता. नख फिरवलं की लागायचा. नवं सील त्याच चरात बसलं तर ते पहिल्या दिवसापासून नीट धरत नाही. मिस्त्रींनी डाव्या शाफ्टवर पातळ स्लीव्ह बसवून घेतली, उजवीकडं चर कमी होता म्हणून सील दीड-दोन मिलिमीटर कमी आत ठोकलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर आला. डिफरन्शिअलचं दुधाळ तेल काढून नवं भरलं, पाचशे किलोमीटरनं ते पुन्हा बदललं. तेल कुठल्या ग्रेडचं हे गाडीच्या पुस्तकात बघा, अंदाजानं घालू नका.

पीयूसीबद्दल थोडं, कारण जुन्या डिझेलवाल्यांना तिथंही एका सेंटरला पास आणि दुसऱ्याला फेल असा अनुभव येतो. बीएस-४ (भारत स्टेज, धुराच्या नियमांचा टप्पा) च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ आहे, म्हणजे दर मीटर अंतराला धूर प्रकाश किती अडवतो त्याचं माप. बीएस-४ ला ती १.६२. आपल्या जुन्या गाड्यांचं प्रमाणपत्र सहा महिन्यांचंच असतं, बीएस-४ पासून पुढच्यांचं वर्षभराचं. ही चाचणी गरम इंजिनावर घ्यायची असते, इंजिन ऑइल किमान ६० अंशांवर. घरातनं काढून दोन चौक ओलांडून सेंटरला गेलात तर आकडा जास्तच येणार. मी आता कागलपर्यंत हायवेनं जाऊन येतो आणि मग गाडी लावतो. त्यात लबाडी काही नाही, थंड इंजिनाचा आकडाच चुकीचा असतो. पण गरम असूनही आकडा दरवेळी चढत असेल तर एअर फिल्टरनंतर लगेच टर्बो आणि इंटरकूलरमधले रबरी पाइप चेपून, वाकवून बघा. माझ्याकडे २.१ वरून आकडा २.९ वर गेला होता आणि कारण होतं पाइपच्या खालच्या बाजूला, क्लिपखाली, दिसणार नाही अशी चीर. टर्बोची हवा बाहेर जात होती, डिझेल मात्र पूर्ण पडत होतं, त्यामुळं काळा धूर. काही ठिकाणी आकडा उतरवायला पंपाचं डिझेल कमी करून देतात. गाडी पास होते आणि घाट चढताना दम तोडते. हे करू नका.

हेडलाइट पिवळे पडले असतील तर काच घासून घ्या, आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर मात्र दिवाच बदलावा लागतो. आणि कोकणात जाणाऱ्या गाडीची चासी, मागच्या कमान पाट्यांच्या टोकांजवळ, हातोडीनं टिचकी मारून बघा. आवाज टणक यायला हवा. बद्द आला तर आतून गंज आहे आणि ब्रेकच्या आधी त्याचा विचार करा.

जुनी एसयूव्ही घ्यायला निघाला असाल तर मालकाला सांगून गाडी पंधरा-वीस किलोमीटर पळवा. परत आल्यावर डिफरन्शिअलचा प्लग जपून, हळूहळू सैल करा, तेल गरम असतं. हवा सुटली तर ब्रीदर बुजलाय. प्लगच्या टोकाला लागलेलं तेल दुधाळ असेल तर गाडी पाण्यात गेलीय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. धुऊन, सीट कव्हर बदलून विकायला आलेली गाडी वरून ओळखू येत नाही, पण त्या तेलाला कुणी सहसा हात लावलेला नसतो.

ब्रीदर मोकळा केल्यापासून गाडीनं एक पूर्ण पावसाळा काढला, फोंडाघाट सात-आठ वेळा झाला. आता आगोट सुरू व्हायच्या आधी आणि दसऱ्यानंतर मी खाली शिरून पाइपचं टोक बघतो आणि लांबून आल्यावर दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात नेऊन धग सारखी आहे का ते तपासतो. तेल पडलेल्या बाजूचा ड्रम कमी तापतो, त्यामुळं बिघाड लवकर कळतो. गेल्या रविवारी दोन्ही ड्रम काढले. लायनरवर कोरडी धूळ, सीलच्या कडा कोरड्या. रोलरवर उजवा १६५, डावा १५५, आणि हँडब्रेक पाचव्या दात्यावर दोन्ही चाकांना एकदमच धरतो.